पाणपोईवरचं जोडाक्षर

प्रिय दामू,

काल धक्क्यावर तुझ्या नावाच्या पाणपोईला बोर्ड लागला. कासमभाईंनी नारळ फोडला, वहिनींच्या हातून पहिला तांब्या भरवला, आणि मग सगळे माझ्याकडे वळले. तुम्ही त्यांचे शाळेपासूनचे सोबती, दोन शब्द बोला, म्हणाले. मी उभा राहिलो, टोपी सारखी केली आणि परत खाली बसलो. लोकांना वाटलं, गहिवर आला. वाटू दिलं. मला जे बोलायचं होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून आज दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या आहेत आणि तुलाच लिहितो आहे.

बोर्ड चांगला झाला आहे. आगबोटीतून उतरणारा माणूस धक्क्यावर पाय ठेवायच्या आत तुझं नाव वाचतो. हे कागदावर उतरवतानासुद्धा मला जड जातं आहे. एवढी वर्षं मी तुझ्या अक्षरांवर जळत आलो. तू गेलास म्हणजे ते संपेल असं वाटलं होतं. कसलं संपतंय? गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात, पण तुझी अक्षरं तर पोत्यापोत्यावर बसून माझ्या दुकानासमोरून रोज जातात. मी डोळे मिटून बसू का?

शाळेत काय होतं ते तरी आठवतं का तुला? गुरुजी माझी पाटी वर्गात फिरवायचे आणि तुझी पाटी पालथी ठेवायला सांगायचे. तुझा ‘क’ एका बाजूला कलंडलेला आणि ‘ळ’ तर ओळखूही यायचा नाही. सातवी झाल्यावर मी ब्रश धरला. अलिबागेपासून मुरुडपर्यंत दुकानांचे बोर्ड केले. माझी वेलांटी बघायला लोक थांबायचे, हे मी म्हणत नाही, तूच म्हणायचास. तू मुंबईला गोदीत कामाला गेलास तेव्हा मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर एक प्रकारे हायसंही वाटलं. अक्षरांच्या बाबतीत या किनाऱ्यावर आता मी एकटा, असं मनात आलं होतं.

आणि तू परत आलास तो पत्र्यांची एक पेटी घेऊन. गोदीत कापसाच्या गाठींवर निशाण्या मारायचं काम तुझ्याकडे होतं. तिथले इंग्रजी अक्षरांचे साचे बघून तू आपली बाळबोध अक्षरं कापली होतीस. रॉकेलचा डबा उलगडून सपाट केलेला पत्रा आणि त्यात छिन्नीने कोरलेलं एकेक जाडजूड अक्षर. पत्रा पोत्यावर ठेवायचा, तेलात घोटलेल्या काजळीचा बोळा वरून ठोकायचा, पत्रा उचलायचा, की अक्षर तयार. मी एक शब्द आखून घेईपर्यंत तुझी दहा-वीस पोती होडीत चढायची.

पण ती अक्षरं कशी होती! अक्षर पूर्ण कापलं तर आतला तुकडा गळून पडतो, म्हणून तू मध्ये मध्ये पत्र्याची अरुंद पट्टी राखायचास. तिला तू साकव म्हणायचास, वहाळावर असतो तसा. त्यामुळे छापलेल्या अक्षरात तेवढ्या जागी फट राहायची. वरची रेघ सलग कापली तर पत्र्याचे दोन तुकडे होतात, म्हणून ती रेघही तुटक, प्रत्येक अक्षराला आपली आपली वेगळी टोपी. मी ते पाहून पोट धरून हसलो होतो. मग तुझी दया आली. म्हटलं, दामू, आण इकडे, फटी मी ब्रशने भरून देतो.

तू बोळा बाजूला ठेवलास आणि म्हणालास, “भरू नको, सख्या. भरलंस की ते तुझं होईल.”

त्या वेळी मला वाटलं, तू माझी स्तुती करतो आहेस. खूप दिवसांनी कळलं की तुला तुझं अक्षर तसंच हवं होतं. फटींसकट.

त्यानंतर काय झालं ते तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने ते कसं दिसलं ते तू कधी विचारलं नाहीस. आधी उरणच्या मिठाची पोती तुझ्या अक्षरात आली. मग कासमभाईंच्या नारळांची. मग नागोठण्याच्या खाडीने येणारा तांदूळ. मग आगबोटवाल्यांनी धक्क्यावरचा ‘रेवस’ हा मोठा बोर्ड तुझ्याकडून करून घेतला. त्या जागी आधी माझा बोर्ड होता, दामू. खाऱ्या वाऱ्याने त्याचा रंग उडाला होता हे खरं, पण मला नवा कर असं म्हणता आलं असतं की नाही? माझा बोर्ड उतरवून त्यांनी त्याची फळी तिकिटांच्या खोलीत बसायला बाक म्हणून टाकली.

मग तर कहर झाला. थळला एका घरी लग्न निघालं आणि त्यांनी भिंतीवर ‘शुभ विवाह’ तुझ्या साच्यांनी मारून घेतलं. त्या भिंती माझ्या होत्या. मोर, कळस, केळीचे खांब आणि मधोमध माझी अक्षरं, अशी रीतच होती. मी अक्षता टाकायला गेलो आणि बघतो तर भिंतीवर काळी ठसठशीत पोत्यावरची अक्षरं. लग्न होतं की माल रवाना होत होता? मी नवरदेवाच्या मामाला तसं विचारलंही. ते म्हणाले, “कसं का असंना, रस्त्यावरनं वाचता येतंय का न्हाय?”

हे वाचता येण्याचं प्रकरण माझ्या घरापर्यंत आलं. आमच्या हिला मी लग्नानंतर पाटीवर अक्षरं शिकवायला घेतली होती. रोज जेवणं झाली की पाटी काढायचो, सुंदर वळणदार ‘अ’ काढून द्यायचो. ती तो गिरवायची, पुसायची आणि दुसऱ्या दिवशी विसरलेली असायची. शेवटी दोघांनीही नाद सोडला. मग एकदा आम्ही तिच्या माहेराहून, करंज्याहून, होडीने येत होतो. ती नाकासमोर बघत बसली होती. धक्का अजून बराच लांब होता. एकाएकी ती म्हणाली, “रे. व. स.” आणि माझ्याकडे वळून हसली. आयुष्यात पहिल्यांदा वाचलं तिने, आणि ते तुझं वाचलं.

तिनेच थोड्या वेळाने समजूत काढली. “तुमचं अक्षर बघायला बरं वाटतं,” म्हणाली. “त्यांचं वाचायला बरं हाय. थांबून थांबून लिवल्यासारखं.”

दामू, त्या दिवशी होडीत बसून मी तुझा जेवढा दुस्वास केला तेवढा कुणी कुणाचा केला नसेल. आता ती पोथी वाचते. तुझ्या घरी तिने कधी सांगितलं होतं का हे? मी तिला सांगू नको म्हटलं नव्हतं, पण सांग असंही म्हटलं नव्हतं.

आणि ते फौजदाराचं! चळवळीच्या वर्षी गोदामाच्या भिंतीवर परदेशी माल घेऊ नका असं लिहायचं ठरलं, तेव्हा भिंतीची एक बाजू तू घेतलीस आणि दुसरी मी. फौजदार आला, भिंतीकडे बघितलं आणि सरळ तुझ्या दारात जाऊन उभा राहिला. साचा कुणीही वापरू शकतो, माझाच कशावरून, असं तू त्याला विचारलंस. तो म्हणाला, “ही फट सगळा जिल्हा ओळखतो.” तुला नेलं. तू सुटून आलास तेव्हा धक्क्यावर हार घेऊन लोक उभे होते. मीही होतो. माझ्या वाक्याचं काय झालं, माहीत आहे? फौजदाराला ती विड्यांची जाहिरात वाटली. तो नुसती नजर टाकून पुढे गेला. माझा ब्रश एवढा सुबक, की मला कुणी पकडायलासुद्धा तयार नव्हतं. तुझ्या गळ्यातल्या हाराचाही मला हेवा वाटला होता, हे आज सांगून टाकतो.

पण यातलं काहीच मला तेवढं लागलं नाही, जेवढं तुझं वागणं लागलं. तू माझ्यावर कधी जळलाच नाहीस. माझ्या दुकानासमोर येऊन उभा राहायचास, मान हलवायचास, बरोबर जो कुणी असेल त्याला बोट करून दाखवायचास, ही वेलांटी बघा, हा उकार बघा, हे साच्याला जमायचं नाही. मनापासून म्हणायचास. खोटं म्हणाला असतास तर मला बरं वाटलं असतं. तू असा आणि मी असा! एकदा तरी तोंड वाकडं करायचंस. एकदा तरी माझ्या एखाद्या बोर्डाला नाव ठेवायचंस. तेवढंही तू माझ्यासाठी केलं नाहीस.

कावीळ झाली तेव्हा मी तुला बघायला आलो होतो. तू भिंतीला टेकून बसला होतास, डोळे पिवळे झाले होते. मला वाटलं, आता काही मनातलं बोलशील. तू विचारलंस, पांढऱ्या रंगाला सफेता कुठला वापरतोस, माझ्या बोर्डांचा लवकर पिवळा पडतो. मी म्हटलं, तुझे डोळे पिवळे झालेत म्हणून तसं दिसतं. तू हसलास. वहिनींनी मला बाहेर नेऊन खडसावलं, आजारी माणसाची थट्टा करतात का म्हणून. तेच आपलं शेवटचं बोलणं. मला दुसरं काही सुचलं नाही रे.

आता पाणपोईचं सांगतो. तू गेल्यावर महिन्याभराने कासमभाई दुकानात आले. म्हणाले, व्यापारी आणि होड्यांचे तांडेल मिळून धक्क्यावर पाणपोई बांधताहेत, दामूभाईच्या नावाने. बोर्ड तुम्ही करायचा. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगू? मला आनंद झाला. मनात आलं, अखेर त्या धक्क्यावर माझं अक्षर परत जाईल, आणि तेही तुझ्या नावाचं. मी पुठ्ठ्यावर आखणी केली. आयुष्यात केलं नव्हतं असं काम केलं. ‘दामोदर’मधला ‘मो’ तर असा उतरला होता की मीच त्याच्याकडे बघत बसलो.

तो पुठ्ठा घेऊन तुझ्या घरी गेलो. वहिनी ओसरीवर सुकट निवडत बसल्या होत्या. त्यांनी हात पदराला पुसले, पुठ्ठा लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला.

“लई देखणं हाय, भावजी,” म्हणाल्या. “पन हे ते न्हाय. त्यांचं नाव त्यांच्या अक्षरात पायजे.”

आत जाऊन त्यांनी ती पत्र्यांची पेटी आणून माझ्यासमोर ठेवली. मी पेटी उचलली. पण उंबऱ्याशी पाय अडला आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तोंडून निघून गेलं. विचारलं, वहिनी, दामूला कधी माझा हेवा वाटला होता का? घरात कधी काही बोलला होता?

त्यांनी जरा आठवून पाहिलं. मुद्दाम नाही, खरंच आठवून पाहिलं. मग म्हणाल्या, “न्हाय वं. त्यांना कुठला आला येवढा वेळ?”

पेटी डोक्यावर घेऊन मी घरी आलो.

तुझे पत्रे जमिनीवर मांडले आणि तुझं नाव जुळवायला लागलो. ‘द’ दिघीच्या मालाचा. ‘थ’ थळचा. ‘च्या’ होतं, कारण प्रत्येक पोतं कुणाच्या ना कुणाच्या मालकीचं. ‘र्थ’साठी वरचा रफार हवा होता, तो वर्सोव्याला जाणाऱ्या सुक्या मासळीच्या पाट्यांसाठी तू कापून ठेवलेला सापडला. ‘यांच्या स्मरणार्थ’ असं लिहायचं होतं. सगळं मिळालं, फक्त ‘स्म’ नव्हतं. कसं असणार? पोत्यावर स्मरण कोण लिहितो? अर्धा ‘स’ आणि ‘म’ शेजारी ठेवून पाहिले, तर मध्ये पत्र्यांच्या कडांएवढं अंतर पडायचं आणि ते दोन वेगळे शब्द वाटायचे. वहिनींनीही घर धुंडाळून पाहिलं. नव्हतंच.

म्हणजे ते अक्षर मला कापायचं होतं. तुझ्यासारखं. ब्रशने लिहून टाकावं आणि मोकळं व्हावं असं दहा वेळा मनात आलं. पण मग तुझ्या सगळ्या अक्षरांत ते एकटं पाहुण्यासारखं दिसलं असतं.

पहिला पत्रा कापला, मधला तुकडा गळून पडला. दुसऱ्यात साकव ठेवले, पण भलत्या जागी, अर्ध्या ‘स’च्या दांडीजवळचा पत्रा जिभेसारखा लोंबायला लागला आणि बोळा ठोकला की त्याच्या खाली रंग पसरायचा. किती डबे उलगडले ते विचारू नको. आमची ही म्हणाली, घरात रॉकेल आहे पण ठेवायला डबा नाही.

मग मी कापणं थांबवलं आणि तुझे पत्रे उन्हाकडे धरून एकेक बघत बसलो. इतकी वर्षं त्यांचा राग केला, पण नीट बघितले नव्हते. तुझे सगळे साकव एका उंचीवर आहेत. अक्षर कोणतंही असो, फट त्याच पातळीवर. ओहोटीनंतर धक्क्याच्या खांबांवर पाण्याची खूण राहते ना, तशी. म्हणून तुझा शब्द तुटका असून एकसंध दिसतो. आणि माझी चूक काय होत होती तेही कळलं. मी आधी अक्षर काढत होतो आणि मग साकवाला जागा शोधत होतो. ब्रशवाला रंग कुठे लागणार ते बघतो. तू पत्रा कुठे राहणार ते आधी बघायचास. मी साकव आधी आखले आणि अक्षर त्यांच्या आधाराने बसवलं. अर्ध्या ‘स’ची दांडी ‘म’ला नेमकी जिथे टेकते, तिथेच तुझी ती पातळी येत होती. तिथे फट ठेवली. म्हणजे जोडाक्षर आहे, पण जोडलेलं कुठेच नाही, आणि बघणाऱ्याचा डोळा ते आपोआप जोडून घेतो.

पुठ्ठ्यावर ठोकून पत्रा उचलला आणि मी तिथेच बसलो. दामू, माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्या हातून याहून चांगलं अक्षर निघालेलं नाही. मी फुगवून सांगत नाही. माझे मोर, माझ्या वेलांट्या, मुरुडचा तो सोनेरी बोर्ड, सगळं एका बाजूला.

काल बोर्डावरचा कपडा काढला तेव्हा कासमभाई पुढे झाले. त्यांनी काठीने ‘स्म’वर टेकवलं आणि सगळ्यांना दाखवलं. “हा जोड बघा. हे डोकं दामूभाईचंच. दुसऱ्या कुणाला सात जन्मांत सुचायचं नाही.” लोकांनी माना डोलावल्या. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं. त्या काही बोलणार तेवढ्यात कासमभाईंनी मलाच दोन शब्द बोलायला सांगितलं.

आता तुला कळलं ना, मी कशासाठी उभा राहिलो होतो? फक्त एवढंच सांगायचं होतं, की ते अक्षर माझं आहे. एवढंच. मग समोर बघितलं. लोक बोर्ड वाचत होते. सगळा बोर्ड, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, कुठेही न अडखळता. मी तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या क्षणाला सगळे त्या एका अक्षरात वेगळेपण शोधायला लागले असते, आणि ज्याला शोधायचंच आहे त्याला ते सापडतं. मग ते नुसतं सख्याने केलेलं दामूसारखं अक्षर झालं असतं. म्हणून खाली बसलो. माझं सगळ्यात चांगलं काम तुझ्या खात्यावर गेलं. आता तरी माझ्यावर जळतोस का? की तिकडेही वेळ नाही?

संध्याकाळी पेटी परत द्यायला गेलो. वहिनींनी पत्रे मोजल्यासारखे चाळले आणि विचारलं, “भावजी, त्यो ‘स्म’चा पत्रा?” मी म्हटलं, तो माझ्याकडे राहील. त्यांनी पेटीला कडी घातली.

तर दामू, एक वचन देतो. खारा वारा तो बोर्ड वर्षभरात खाणार, हे तुलाही माहीत आहे. दर वर्षी पाऊस संपला की मी वहिनींकडून पेटी मागून आणीन आणि तुझं नाव पुन्हा काळंभोर करीन. बोळा कोरडा ठेवीन, रंग पत्र्याखाली जाऊ देणार नाही. एकही फट भरणार नाही. पण ‘स्म’चा पत्रा माझ्या दुकानात, माझ्या ब्रशांशेजारच्या खिळ्याला आहे आणि तिथेच राहील. मी पेटीत घालणार नाही, कुणाला उसना देणार नाही, कुणी मागितला तरी. तुझं स्मरण करायचं असेल तर त्यांना माझ्या दारी यावं लागेल. एवढं तरी माझं राहू दे.

अजून तुझ्यावर जळणारा,
सख्या